जावयाची भिंत, आईची भिंत: नहपान आणि गौतमीपुत्राच्या मागावर चार दिवस

दिवस पहिला : पुणे, सिन्नर, नाशिक

"सगळं जावयानं केलं आणि नाव सासऱ्याचं झालं," दाजी म्हणाले. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही पाऊण तास अडकलो होतो. त्यांचे सासरे म्हणजे माझे वडील, त्यामुळे मी जरा सावरूनच बसलो. पण विषय घरचा नव्हता. शकांच्या क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे सुभेदार-राजा, नहपान आणि त्याचा जावई उषवदात यांच्याबद्दल चाललं होतं.

दाजी निवृत्तीनंतर शनिवारच्या वर्गाला जाऊन ब्राह्मी लिपी शिकले. आता कुठंही दगडावर रेघ दिसली की थांबतात. मी बँकेत कर्ज विभागात आहे, इतिहास शाळेपुरता. शाळेत शिकलेलं एवढंच लक्षात होतं की सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं शकांचा निःपात केला आणि त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले. नहपान म्हणजे ज्याचा निःपात झाला तो. "तुझ्या पुस्तकातल्या त्या एका ओळीसाठीच तुला नेतोय," असं दाजी निघतानाच म्हणाले होते. नाशिकला आणि कार्ल्याला दोघांच्याही बाजूचे कोरलेले लेख आहेत, जुन्नरला नहपानाच्या अमात्याचा. चार दिवसांत होतं.

सिन्नरच्या पुढे आत वळून जोगलटेंभीला गेलो. बघण्यासारखं तिथं काही नाही हे दाजींनी आधीच सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं. ऊस, कांद्याच्या चाळी, आणि 'तुम्ही कुणाकडं आलात' असं विचारणारे दोन आजोबा. पण 1906 मध्ये याच गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. 13,000 च्या वर नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप मारलेला होता.

तसलं एक नाणं संध्याकाळी नाशिकमध्ये हातात घेता आलं. दाजींच्या ओळखीचे एक संग्राहक आहेत. त्यांनी चहा झाल्यावर, हात पुसायला लावून, पुडी उघडली. शर्टाच्या बटणापेक्षा थोडं मोठं, अगदी हलकं. एका बाजूला नहपानाचा चेहरा असतो आणि कडेनं ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी. म्हणजे एका नाण्यावर तीन लिप्या. या नाण्यात चेहऱ्याच्या वरच कमानींचा डोंगर ठोकलेला होता. ठोकताना ठसा थोडा सरकलेला. भिंग लावून पाहिलं तर डोंगराच्या एका कमानीखालून नहपानाचं नाक बाहेर आलेलं. नाकाखाली ओठाची रेघसुद्धा दिसत होती.

"वितळवून नवीनच का नाही पाडली?" मी विचारलं.

संग्राहक हसले. "साहेब, तुम्ही बँकवाले. वितळवायचा खर्च कोण देणार? आणि लोकांच्या हातात चाललेला पैसा एकदम काढून घेतला तर बाजार बसतो."

लॉजवर गरम पाणी सकाळी सहा ते सात एवढंच मिळेल म्हणाले. तेही मिळालं नाही.

दिवस दुसरा : पांडवलेणी

पांडवलेणी शहरापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, लेखात 'तिरण्हु'. पायऱ्या दोनशेच्या वर असतील, मोजायचा दम राहिला नाही. वर चोवीस लेणी एका ओळीत आहेत. आमचं काम दोनच लेण्यांत होतं, 3 आणि 10. मधल्या लेण्यांना आम्ही जाता-येता मान देऊन पुढे गेलो. 18 नंबरच्या चैत्यगृहावर हा अन्याय झाला, कबूल आहे.

दाजी मला आधी दहात घेऊन गेले. "काळाप्रमाणे चालू. आधी हरलेला."

व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर, छताखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत लेख आहे. ओळी मोजक्याच, पण भिंतभर लांब. दाजी मान वर करून अक्षर अक्षर लावत होते, मी टॉर्च धरून उभा. मजकूर उषवदाताचा आहे. राजा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई, दीनीकाचा पुत्र. त्यानं तीन लाख गायी दिल्या. देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली. वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवण घातलं. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथं धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खणली. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, शोर्पारग आपलं नालासोपारा, आणि गोवर्धन हे इथलंच, नाशिकजवळचं. पुढे नद्यांची यादी आहे: इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्या ओलांडायला त्यानं फुकट नावा ठेवल्या. दाहनुका वाचताना दाजी थांबले. "डहाणू," म्हणाले. ते दोन वर्षं डहाणूला नोकरीला होते.

लेखाची भाषा जवळजवळ संस्कृत. परक्या घराण्याचा माणूस संस्कृतात कोरून घेतोय, आणि इथलेच सातवाहन बहुतेक प्राकृतातच लिहीत राहिले. मजा म्हणजे शेवटी-शेवटी उषवदाताचाही संस्कृतचा इस्त्री केलेला सदरा चुरगळतो. 'मी' म्हणून बोलायला लागतो, भाषा प्राकृताकडे घसरते. उत्तमभद्र नावाच्या लोकांच्या प्रमुखाला मालय लोकांनी वेढलं होतं, त्याला सोडवायला पावसाळ्यात गेलो, माझ्या नुसत्या आवाजानंच ते पळाले, असं सांगतो. मग पुष्करला जाऊन आंघोळ केली आणि तीन हजार गायी दिल्या. लग्नात भेटणारा एखादा काका बोलावा तसं वाटलं.

पण मला खरं धरून ठेवलं ते दुसऱ्या लेखानं. लेखातलं वर्ष 42, इसवी सन नव्हे. भिक्षूंच्या संघासाठी 3,000 कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव म्हणून ठेवली. कुठं? गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीत, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघात. 2,000 एका श्रेणीत, दरमहा शेकडा एक व्याजानं. 1,000 दुसऱ्या श्रेणीत, शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून, पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं कपड्यासाठी.

मी फोन काढला, पण गरज नव्हती. 2,000 ला महिन्याचे 20, वर्षाचे 240. वीस भिक्षू गुणिले बारा, 240. पैचा फरक नाही. शिवाय हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि तिथल्या फलकावर नोंदवला असंही कोरलेलं आहे. व्हरांड्यात उभा राहून मी मोठ्यानं म्हणालो, "दाजी, हे तर मंजुरीपत्र आहे." पलीकडे सेल्फी काढणाऱ्या मुलींनी वळून बघितलं.

नहपान स्वतः या भिंतीवर बोलत नाही. नाव त्याचं, आवाज जावयाचा. जाताना एका खोलीच्या दारावरचा छोटा लेख दाजींनी दाखवला, पण त्याचं पुढे येईल.

मग लेणं 3. खांबांचे माथे दहा नंबरसारखेच, घंटेच्या आकाराचे. इतके सारखे की दहा बघूनच तीन केलं असणार. खाली मात्र ओट्याला खांदा देणारे सहा यक्ष आहेत, अर्धे जमिनीतून वर आलेले, ओझ्यानं डोळे बाहेर. दहात हे नाहीत. शेजाऱ्याच्या घरापेक्षा थोडं जास्तच करायचं, ही वृत्ती दोन हजार वर्षं जुनी दिसते.

इथला मोठा लेख गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष, मुलगा तोवर गेलेला. महाराजाची आई आणि महाराजाची आजी, अशी ती स्वतःची ओळख देते. आणि मग मुलाबद्दल बोलायला लागते ती थांबतच नाही. असिक, असक, मुळक, सुरठ, अपरांत, विदर्भ यांचा राजा. विंध्य, सह्य, मलय या पर्वतांचा स्वामी. तीन समुद्रांचं पाणी ज्याच्या घोड्यांनी प्यायलं तो. 'सकयवनपल्हवनिसूदन', म्हणजे शक, यवन, पल्हव यांचा नाश करणारा. 'खखरातवसनिरवसेसकर', म्हणजे क्षहरातांचा वंश निरवशेष करणारा.

शाळेची ती ओळ इथून आलेली.

शौर्याच्या गर्दीत आईलाच सुचतील अशाही गोष्टी आहेत. आईची अखंड सेवा करणारा. प्रजेचं सुखदुःख आपलं मानणारा. धर्मानं मिळवलेलाच कर वापरणारा. अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला नको वाटणारा. "हे शेवटचं आणि निरवशेष, दोन्ही एकाच लेखात?" मी म्हणालो. दाजी म्हणाले, "आई आहे रे. तिला दोन्ही खरं वाटत असणार."

आता बाजूच्या भिंतीवरचे दोन लेख. गौतमीपुत्राचे स्वतःचे शब्द म्हणावेत तर हे. पहिला अठराव्या वर्षाचा. वेजयंतीच्या सेनेच्या विजयी छावणीतून गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला हुकूम: पश्चिम कखडी गावातलं 200 निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं माप) शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्या. शेत कुठलं? 'अजकालकिय' उषभदाताकडे, म्हणजे आपल्या उषवदाताकडेच, असलेलं. अजकालकिय! आजकालपर्यंतचं. दगडावर आजकाल हा शब्द वाचायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. लढाई संपून धुरळासुद्धा बसला नसेल, आणि राजा छावणीतून सातबारा बदलतोय. शेतात कुणी शिरू नये, मीठ खणू नये, अधिकाऱ्यांनी लुडबुड करू नये, अशा सवलतीही लिहिल्यात.

दुसरा लेख चोविसाव्या वर्षाचा, त्याच्या खालीच. या वेळी राजासोबत राजमाताही हुकूम देते आहे. अमात्य बदललाय, सामक नावाचा आहे. त्याला आरोग्य विचारून सांगा, अशी सुरुवात. मजकूर असा की आम्ही भिक्षूंना कखडीतलं शेत दिलं होतं, पण ते शेत कुणी कसत नाही आणि गाव वसत नाही. मूळ शब्द 'कसते' आणि 'वसति' असेच आहेत, भाषांतराची गरजच नाही. म्हणून नगराच्या हद्दीवरच्या आमच्या राजकीय शेतातून 100 निवर्तनं द्या.

सहा वर्षं गेली. लढाईत गाव ओस पडलं होतं का, माणसं कुठं गेली, लेख सांगत नाही. पण तीन समुद्रांच्या मालकानं 'दिलेलं दान उपयोगाचं निघालं नाही' हे दगडावर कोरून कबूल केलं आणि बदलून दिलं. माझ्या नोकरीत दुरुस्तीपत्र मिळवायला लोकांच्या चपला झिजतात. मला आईच्या सगळ्या विशेषणांपेक्षा हा लेख मोठा वाटला. दाजींना तसं वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, निम्मंच शेत दिलं, हे बघ की.

रात्री मिसळ खाताना त्यांनी एक जैन परंपरेतली गोष्ट सांगितली. भरुकच्छचा राजा नहवाहन, खजिना अफाट. पैठणचा सालवाहन दरवर्षी चढाई करायचा आणि हात हलवत परत यायचा. शेवटी त्यानं आपल्या मंत्र्याला हाकलून दिल्याचं नाटक केलं. मंत्री नहवाहनाकडे गेला, विश्वास कमावला, आणि त्याला दानधर्माच्या नादी लावलं. देवळं, तळी, विहिरी. खजिना रिकामा झाला, तेव्हा सालवाहन आला आणि शहर घेऊन गेला. गोष्ट ती गोष्टच. पण दुपारी तीन लाख गायींचा हिशोब वाचलेला असल्यानं हसू आवरेना.

दिवस तिसरा : जुन्नर

आळेफाट्यावरून जुन्नर. मानमोडीच्या डोंगराकडे द्राक्षबागांतून वाट जाते. बागेतला माणूस म्हणाला, "मोहळं आहेत वर. अत्तर-बित्तर लावलंय का?" दाजींनी लावलं होतं. त्यांनी रुमालानं मान पुसली, पाण्यानं धुतली, तरी भीमाशंकर गटातल्या लेण्यांजवळ पोचेपर्यंत डोक्यावर गुणगुण सुरू झाली होती. छताला काळीभोर आग्यामोहळं लटकत होती. आम्ही आवाज न करता, टॉर्च न लावता, जेमतेम दहा मिनिटं थांबलो.

बघायचं होतं ते एवढंच: नहपानाचा अमात्य अयम यानं पाण्याचं टाकं आणि मंडप दिल्याचा लेख. वर्ष 46. नाव कानाला परकं वाटतं, गोत्र मात्र वत्स. इथं नहपान क्षत्रप राहिलेला नाही, 'महाक्षत्रप' आणि 'स्वामी' झाला आहे. आणि आपल्याला माहीत असलेलं त्याचं हे शेवटचं वर्ष. बढतीचं पत्र आणि शेवटची नोंद एकच.

दुपारनंतर नाणेघाट. तिथला लेख या दोघांच्याही आधीचा, राणी नागनिकेचा, त्याच घराण्यातला. तिच्या माणसांचे पुतळे होते, आता पावलांच्या खुणा उरल्यात. आम्ही गेलो ते लेखापेक्षा वाटेसाठी. घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की भांडण कशाचं होतं ते कळतं. खाली कोकण, पुढे कल्याण बंदर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात लिहिलंय की कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. कल्याण बंद, भडोच सुरू. ज्याच्या हातात जुन्नर, त्याच्या हातात हा घाट, आणि घाट म्हणजे जकात. शक विरुद्ध सातवाहन हे आम्ही धर्माचं, स्वाभिमानाचं युद्ध म्हणून शिकलो. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण बघितल्यावर मला तरी ते नाक्याचं भांडण वाटायला लागलं.

दाजी यावर रागावले. म्हणाले, तुम्हा बँकवाल्यांना सगळीकडे वसुलीच दिसते. जेवेपर्यंत फार बोलले नाहीत.

दिवस चौथा : कार्ले

चाकण-तळेगाव करून कार्ल्याला पोचलो तो नेमका रविवार. एकवीरेला मुंबईच्या कोळीवाड्यांतून बसगाड्या आलेल्या. बँड, गुलाल, कोंबड्या, खणानारळाची दुकानं. चैत्यगृहाच्या दारातच देवीचं देऊळ असल्यानं दर्शनाच्या रांगेतून वाट काढत आत जावं लागलं.

आत गेलो की आवाज मागे राहतो. सुमारे 124 फूट खोल, छताला अजूनही मूळच्या लाकडी फासळ्या. वेजयंतीच्या भूतपाल शेठीनं लिहून ठेवलंय की हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम. नम्रतेचा आव नाही. आणि बरोबर आहे त्याचं.

आमचे दोन लेख दर्शनी भिंतीवर. एक उषवदाताचा: वलुरकाच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना करजिक गाव दिलं. वलुरक म्हणजे हेच कार्ले. दुसरा हुकूम मामालच्या अमात्याला, म्हणजे मावळच्या: वलुरकाच्या भिक्षूंना करजक गाव दिलं आहे, कुणी शिरू नये, मीठ खणू नये. तीच सवलतींची यादी. देणाऱ्या राजाचं नाव फुटलेलं आहे, पण अठरावं वर्ष आणि मजकुराचा घाट बघून अभ्यासक तो गौतमीपुत्राचाच मानतात.

म्हणजे तेच गाव आणि तेच भिक्षू. दिलेलं दान नव्या मालकानं पुन्हा दिलं. जुनं नाव खोडलं नाही, त्याच भिंतीवर आपलं लिहिलं. नाण्यावरच्या डोंगरासारखंच.

बाहेर पायऱ्यांवर लिंबूसरबत घेत आम्ही भांडण संपवायला बसलो. कोण मोठा राजा? मी म्हणालो, कारभार बघितला तर नहपानाच्या काळातली व्यवस्था जास्त बांधेसूद दिसते. ठेवी, व्याज, नावा, धर्मशाळा. गौतमीपुत्रानं ती मोडली नाही, हे त्याचं शहाणपण. दाजींचं म्हणणं वेगळं. जावई खर्च करतोय याचा अर्थ राजा राज्य करतोय असा होत नाही. नहपानाचा वंश पुढे कुठंच दिसत नाही, आणि गौतमीपुत्राच्या पश्चात मुलगा, नातलग राज्य करत राहिले.

"हो, पण मुलूख राहिला का?" मी म्हणालो. कारण दाजींनीच काल सांगितलं होतं. 150 साली गिरनारच्या दगडावर दुसऱ्या घराण्यातला शक, रुद्रदामन, लिहितो की दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचा नातेवाईक म्हणून सोडून दिलं. कान्हेरीच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक या शक घराण्यातली, महाक्षत्रपाची मुलगी आहे. आजीबाईंच्या लेखात मुलानं वर्णसंकर थांबवला असं एक विशेषण आहे. त्याच घरात शकांची सून आली.

दाजी सरबताचा ग्लास ठेवून म्हणाले, "आणि पाडव्याला पंचांगात काय वाचतोस? शालिवाहन शके. हरवणाऱ्याचं नाव पुढे, हरलेल्याचं मागे. शक सुरू केला शकांनीच बहुतेक, 78 साली. शालिवाहन त्याला फार मागाहून चिकटला."

"म्हणजे तो पण पुनर्मुद्रित."

"तो पण."

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. ताईनं वरणभात लावला आणि फोटो बघायला घेतले. पांडवलेणीतल्या दहा नंबरच्या त्या खोलीच्या दारावर तिचं बोट थांबलं. "हे काय लहानसं?"

"हा नहपानाच्या मुलीचा लेख," दाजी म्हणाले. "दक्षमित्रा. उषवदाताची बायको. तिनं ही खोली दान दिली. ओवरक म्हणतात. आपली ओवरी."

"स्वतःच्या नावानं?"

"स्वतःच्या नावानं."

"कसं लिहिलंय, वाचा बरं."

दाजींनी चष्मा लावला. "राजा क्षहरात क्षत्रप नहपानाची मुलगी, दीनीकपुत्र उषवदाताची कुटुंबिनी, दक्षमित्रा हिचं दान."

ताईनं भात वाढला. "बाप, सासरा, नवरा, आणि मग ती. माझ्या रेशनकार्डावर पण असंच आहे," ती म्हणाली, आणि तूप घेऊ का म्हणून विचारलं.